धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा: मदतकक्ष चालवणाऱ्यांकडून मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाहेरगावच्या रुग्णांसाठी आमचा छोटा ट्रस्ट पुण्यात मदतकक्ष सुरू करतोय. योजना पाठ आहे: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली, १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलांच्या २ टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधी. घोडं अडतं ते दाखल होतानाच्या पहिल्या तासात.

तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. तरी नातेवाईक घाबरून पैसे भरतात, नोंद सर्वसाधारण गटात होते आणि मग गट बदलून घेणं महाजिकिरीचं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला असतो (एप्रिलमध्ये तर हमखास). शिवाय बाहेरच्या दुकानातून आणलेली औषधं आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या बिलात येतच नाहीत, म्हणून सवलतीतूनही सुटतात. खरा खर्च तर तिथेच!

‘खाट रिकामी नाही’ हे लेखी मिळवायला अर्ज कुणाच्या नावे करता? वैद्यकीय समाजसेवकाकडे की थेट धर्मादाय सह आयुक्तांकडे प्रत पाठवता? नवा दाखला येईपर्यंत पिवळी शिधापत्रिका आणि हमीपत्रावर कुठे नोंद करून घेतात का? महात्मा फुले जनआरोग्य योजनेची (सरकारी मोफत उपचारांची) पूर्वमंजुरी नाकारली गेली, तर त्याच दिवशी गट बदलून मिळतो का?

अर्जाचा नमुना असेल तर इथे टाका. ‘आमदारांचा फोन लावा’ हा सल्ला मात्र नको, तो एका रुग्णापुरता चालतो.