मदत हवी आहे: टायटनफॉल २ नंतर इन्फिनिट वॉरफेअर, साइड मिशन्स आधी करू का?

दोन्ही गेम २०१६ चे, आठवड्याच्या अंतराने आलेले, म्हणून ठरवलं दोन्हीच्या कॅम्पेन (एकट्याने खेळायची स्टोरी) लागोपाठ खेळायच्या. टायटनफॉल २ दोन रात्रीत संपवला. ते मनगटावरचं यंत्र दाबलं की पडकी लॅब क्षणात चकाचक होते ते मिशन तर मी परत खेळलो, आणि बीटी (त्यातला आपला साथीदार, महाकाय रोबोट) चं कोरडं बोलणं, वाह. आता कॉल ऑफ ड्यूटी इन्फिनिट वॉरफेअर सुरू केलाय, जिनिव्हा आणि चंद्र झाला, रेयस (आपला हिरो) कॅप्टन झाला, इथन (इथला साथीदार रोबोट) आवडला (बीटी ची सर नाही पण). धावणं मात्र जड वाटतं, भिंतीवरून पळताना तो वेगच येत नाही. माऊसची सेन्सिटिव्हिटी वाढवून, फील्ड ऑफ व्ह्यू (स्क्रीनवर किती रुंद दिसतं ते) वाढवून बघितलं, थोडाच फरक.

आता जहाजाच्या नकाशावर मेन मिशनसोबत जॅकलमधून (छोट्या लढाऊ यानातून) लढायची आणि शत्रूची जहाजं लुटायची साइड मिशन्स दिसतायत. पीसी, माऊस-कीबोर्ड, रेग्युलर डिफिकल्टी, मल्टिप्लेयर अजिबात नको, आणि प्लीज स्पॉयलर नको.

एवढंच सांगा, साइड मिशन्स आत्ताच उरकू की स्टोरी संपल्यावरही करता येतात, आणि त्यातून मिळणाऱ्या अपग्रेडनी पायी चालणारी मिशन्स खरंच मोकळी होतात का?