कुत्र्यासाठी घरी भाजलेली बिस्किटे मऊ का पडतात?

प्रश्न: आमच्या लॅब्रॅडॉरसाठी मी कणीक, उकडलेला लाल भोपळा आणि एक अंडे मळून बिस्किटे भाजली, परंतु ती दुसऱ्याच दिवशी मऊ पडली आणि चौथ्या दिवशी त्यांवर बुरशी दिसली. माझे काय चुकले असावे?

उत्तर १: भोपळ्याचे पाणी आत राहिले असणार. पोळी पाव इंच जाडीची लाटून १६० अंश सेल्सिअसवर सुमारे ४० मिनिटे भाजावी आणि ओव्हन बंद केल्यावर बिस्किटे रात्रभर आतच राहू द्यावीत, म्हणजे ती मोडताना कटकन आवाज येईल.

उत्तर २: गहू सोसत नसल्यास नाचणीचे पीठ चालते, मात्र ते चिकटून येत नसल्याने अंडे वगळू नये. शेंगदाण्याचे लोणी विकतचे घालणार असाल, तर डब्यावरील घटक अवश्य वाचावेत, कारण काहींत साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉल या गोड पदार्थामुळे कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण तर नकोच.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. भोपळा कुकरमधून काढून मी तसाच कणकेत घातला होता, पाणी निथळूही दिले नव्हते. दिवसाला किती बिस्किटे द्यावीत?

उत्तर १: खाऊचा वाटा दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावा. लॅब्रॅडॉर मागतच राहील, त्याचे ऐकू नये.