उनो बोर्डवरील सिरीयल डेटा विंडोज, उबुंटू आणि मॅकवर एकाच प्रोग्रॅमने कसा वाचावा?

धागाकर्ता:
नमस्कार. आर्डुइनो उनोसारख्या एका स्वस्त बोर्डला डीएचटी २२ सेन्सर जोडून दर दोन सेकंदांनी तापमान आणि आर्द्रतेची एक ओळ मी ९६०० बॉड रेटने (माहिती पाठवण्याचा वेग) संगणकाकडे पाठवतो. बोर्डवर सीएच ३४० ही यूएसबी चिप आहे. पायसिरीयल (सिरीयल पोर्ट हाताळणारी पायथन लायब्ररी) वापरून लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅममध्ये पोर्टचे नाव 'कॉम ३' असे थेट लिहिलेले असून विंडोजवर तो चालतो. सहकाऱ्याच्या उबुंटू २२.०४ वर मात्र पोर्ट क्षणभर दिसून नाहीसे होते. शिवाय मॅकही हाताळायचा आहे. तीन वेगळे प्रोग्रॅम ठेवावेत, की याहून बरा मार्ग आहे?

प्रतिसाद १:
उबुंटूची अडचण ओळखीची आहे. त्या आवृत्तीत ब्रेल उपकरणांसाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा सीएच ३४० चिपलाच ब्रेल उपकरण समजून ताब्यात घेते, त्यामुळे कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) नुकतेच दिलेले 'टीटीवाययूएसबी ०' पोर्ट काढून घेतले जाते. कर्नलचे संदेश दाखवणारी डीमेसेज ही आज्ञा चालवून पाहिल्यास त्या सेवेचे नाव तेथे दिसेल. त्या संगणकावर कोणी ब्रेल उपकरण वापरत नसेल, तरच ते पॅकेज काढून टाकावे. त्यानंतर 'परवानगी नाही' अशी त्रुटी आली, तर वापरकर्त्याला डायलआउट गटात (सिरीयल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात) घालून लॉगआउट करावे व पुन्हा लॉगइन करावे. सुडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) प्रोग्रॅम चालवण्याची सवय मात्र लावून घेऊ नये.

प्रतिसाद २:
तीन प्रोग्रॅमांची गरज नाही. पोर्टचे नाव प्रोग्रॅममध्ये लिहिणे तेवढे सोडावे. पायसिरीयलमधील पोर्टांची यादी देणारे साधन प्रत्येक पोर्टाबरोबर यूएसबी क्रमांकही देते. सीएच ३४० चा उत्पादक क्रमांक १ए८६ आणि वस्तू क्रमांक बहुधा ७५२३ असतो (दोन्ही हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरील अंकांत). त्या जोडीवरून बोर्ड शोधला, की पोर्टाचे नाव काहीही असले तरी फरक पडत नाही. मॅकवर एकाच बोर्डासाठी 'टीटीवाय' आणि 'सीयू' अशी दोन नावे दिसतात, त्यांपैकी 'सीयू' घ्यावे.

याहून अधिक वेळ खाणारी गोष्ट वेगळीच आहे. पोर्ट उघडताच डीटीआर या सिरीयल नियंत्रण रेषेमुळे उनो रिसेट होतो आणि बूटलोडर (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) संपेपर्यंत तुमचे स्केच (बोर्डवर चढवलेला प्रोग्रॅम) सुरूच होत नाही. म्हणून पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद थांबून इनपुट बफर (आलेला पण अजून न वाचलेला डेटा) रिकामा करावा, आणि पहिली ओळ अर्धवट असू शकते हे गृहीत धरून ती टाकून द्यावी. तुमची ओळ दोन सेकंदांनी येते, तेव्हा वाचनाची कालमर्यादा एक सेकंद ठेवल्यास रिकामे उत्तर मिळेल आणि सेन्सर बिघडला असा उगाच समज होईल. ती तीन-चार सेकंद ठेवावी.

धागाकर्ता:
ते पॅकेज काढल्यावर उबुंटूवर पोर्ट टिकून राहिले. असेच दोन बोर्ड एकाच संगणकाला जोडले, तर ते वेगळे कसे ओळखावेत?

प्रतिसाद २:
सीएच ३४० मध्ये सहसा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे केवळ यूएसबी क्रमांकांवरून ते ओळखता येणार नाहीत. प्रत्येक बोर्डाच्या स्केचमध्ये ओळीच्या आरंभी 'अ' किंवा 'ब' असे अक्षर पाठवावे. मराठी अक्षराऐवजी रोमन अक्षर घेतले तर डीकोडिंगची (बाइटांचे अक्षरांत रूपांतर करण्याची) कटकट राहणार नाही.

प्रतिसाद १:
आर्डुइनोचा सिरीयल मॉनिटर (बोर्डकडून येणारा मजकूर दाखवणारी खिडकी) बंद करण्यास विसरू नये. तो उघडा असेल, तर विंडोजवर तुमच्या प्रोग्रॅमला पोर्ट मिळणारच नाही.