शिक्षक पात्रता परीक्षेसाठी इतिहासाची उजळणी : मदत हवी आहे

वहीतलं पान :
नमस्कार. इतिहासाची उजळणी नेमकी कोठून सुरू करावी, हे कृपया लवकर सांगावे. महाराष्ट्राचा, भारताचा आणि जगाचा असे तिन्ही भाग एकदम वाचायला घेतल्यामुळे गेल्या पंधरा दिवसांत वाचलेले सगळे एकमेकांत मिसळले आहे. काल एका सराव प्रश्नपत्रिकेत सालबाईचा तह, बक्सारची लढाई, वसईचा तह आणि पानिपतची तिसरी लढाई या घटना कालानुक्रमे लावायच्या होत्या. चारही नावे तोंडओळखीची असूनही माझा क्रम चुकला. विकत घेतलेल्या मार्गदर्शिकेत पाहावे, तर त्यात एकाच तहाचे साल दोन पानांवर वेगवेगळे छापलेले निघाले. वेळ थोडा आहे, म्हणून ‘सगळेच वाचा’ असे उत्तर कृपया देऊ नये.

खडू आणि फळा :
आपण कोणती परीक्षा देत आहात, हे लिहिलेलेच नाही. राज्याची टीईटी की केंद्राची सीटीईटी? पेपर पहिला की दुसरा? माध्यम कोणते? पहिल्या पेपरला इतिहास परिसर अभ्यासाच्या ओघात येतो आणि दुसऱ्या पेपरला सामाजिक शास्त्रे घेतली तरच त्याला खरे वजन असते. हे कळल्याशिवाय सल्ला देणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध देण्यासारखे होईल.

गोदाकाठचे गुरुजी :
परीक्षा कोणतीही असो, मराठी माध्यमाच्या उमेदवाराने बालभारतीची पाठ्यपुस्तके सोडून इकडे-तिकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग आणि मुख्यतः शिवकाल व मराठ्यांचा राज्यविस्तार, आठवीत युरोपीयांच्या आगमनापासून महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीपर्यंतचा काळ, असा सरळ क्रम त्यांत आहे. तीन पुस्तके तीन वेळा वाचावीत आणि प्रत्येक पाठाखालचा स्वाध्याय वहीत सोडवावा. मार्गदर्शिका आजच कपाटात ठेवून द्यावी. पुस्तके हाताशी नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात.

नकाशावाचन :
गुरुजींशी मी आदरपूर्वक असहमत आहे. सहावी ते आठवीच्या या पुस्तकांत जगाचा इतिहास स्वतंत्रपणे फारसा येत नाही. प्रबोधनकाळ, भौगोलिक शोध, औद्योगिक क्रांती हे सारे आठवीच्या एका पाठात भारताच्या अनुषंगाने उरकले आहे. फ्रेंच राज्यक्रांती आणि रशियन क्रांती नीट समजून घ्यायची असेल तर एनसीईआरटीचे नववीचे जुने पुस्तक वाचण्याला पर्याय नाही.

गोदाकाठचे गुरुजी :
दुसऱ्या पेपरची पातळी सहावी ते आठवीच्या अध्यापनाची आहे, हे आपण विसरत आहात. ज्यांना सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, हे ठामपणे सांगता येत नाही, त्यांना रशियातल्या क्रांतीकडे पाठवून काय साधणार? ज्या मातीत आपण शिकवणार, तिचा इतिहास आधी पक्का हवा.

वहीतलं पान :
राज्याची टीईटी, पेपर दुसरा, मराठी माध्यम, सामाजिक शास्त्रे. हे सगळ्यांना कळेलच असे गृहीत धरले, त्याबद्दल क्षमस्व. पुस्तकांची नावे मला माहीत आहेत. वाचलेले मिसळू नये म्हणून काय करावे, हा माझा प्रश्न आहे.

उंबरठा :
ताई, आपण सीटीईटीचाही अर्ज भरून ठेवावा. तिचे प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य असते, आणि त्या परीक्षेत सामाजिक शास्त्रांच्या ६० प्रश्नांपैकी २० अध्यापनशास्त्रावर असल्यामुळे निव्वळ सनावळ्यांचा भार कमी होतो. अर्ज भरताना छायाचित्राचा आकार आधी तपासावा, माझा अर्ज एकदा त्यामुळेच अडकला होता.

खडू आणि फळा :
ताईंनी अर्जाविषयी विचारलेले नाही. शिवाय सीटीईटीत भाषेचे विभाग वगळता प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत असते. मराठीतून तयारी करणाऱ्याला ऐन वेळी परिभाषा बदलणे जड जाते. ताई, आपली पदवी कोणत्या विषयाची आहे आणि दिवसाला किती वेळ मिळतो, एवढे सांगावे.

जुनी दैनंदिनी :
मी तीन वर्षांपूर्वी हाच पेपर दिला, त्या वेळी माझीही हीच अवस्था होती. मला ज्याने तारले ते सांगतो. तिन्ही इतिहास वेगवेगळ्या वह्यांत लिहू नयेत. एका मोठ्या कागदावर शेजारी-शेजारी तीन रकाने आखावेत : महाराष्ट्र, भारत, जग. साल डावीकडे एकदाच लिहावे. मग एखादी घटना एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात कशी पोहोचते, हे बाणाने दाखवावे.

एक उदाहरण देतो. जगाच्या रकान्यात अमेरिकेचे यादवी युद्ध, १८६१ ते १८६५. युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशांचा पूर आला, समभागांचा सट्टा बोकाळला आणि सावकारही शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि भाव कोसळले. मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. पुढे सावकारांनी हात आखडता घेतला, सरकारने शेतसारा वाढवला, पण जुने कर्जरोखे तसेच राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. हा दख्खनचा उठाव महाराष्ट्राच्या रकान्यात. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला, तो भारताच्या रकान्यात.

त्याच काळात, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करून ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली. म्हणजे एकाच युद्धापासून दोन बाण निघतात, एक कापसाचा आणि एक विचाराचा, आणि दोन्ही महाराष्ट्रात येऊन पोहोचतात. हा कागद एकदा स्वतःच्या हाताने आखला की १८६५, १८७३ आणि १८७५ ही साले वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

नकाशावाचन :
पद्धत उत्तम आहे, परंतु प्रश्न एका गुणाचे आणि बहुपर्यायी असतात. १५० मिनिटांत १५० प्रश्न सोडवताना बाणांची साखळी आठवायला वेळ कोठून आणायचा? साले पाठच हवीत.

जुनी दैनंदिनी :
साखळी परीक्षागृहात आठवायची नसते, ती घरी बसवायची असते. कारण माहीत असले की चारांपैकी दोन पर्याय वाचताक्षणीच गळतात. शिवाय या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे उरलेल्या दोनांतून एक निवडायला भीती नको.

वहीतलं पान :
सर, मनापासून आभार. आता सगळे सांगते. मी गेली सतरा वर्षे एका शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवत आहे आणि माझी पदवीही मराठीचीच आहे. इतिहास शेवटचा दहावीला वाचला. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे अशा सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागणार आहे, म्हणून या वयात पुन्हा अभ्यासाला बसले. रात्री साडेनऊनंतर दीड तास मिळतो.

जोतीरावांचे लेखन मी वर्गात अनेकदा सांगितले, पण त्या अर्पणपत्रिकेमागे कापसाचे भाव चढवणारे तेच युद्ध उभे आहे, हे आज प्रथमच लक्षात आले. काल रात्री जुन्या दिनदर्शिकेची चार पाने उलटी करून डिंकाने जोडली आणि रकाने आखले. १८१८ नंतरचा भाग बऱ्यापैकी बसला. परंतु पानिपत, बक्सार, सालबाई आणि वसई अजूनही जागा बदलतात. तेवढे कोणी सोडवून द्याल का?

गोदाकाठचे गुरुजी :
ताई, आपण सेवेत आहात हे आधी कळले असते तर पहिल्याच उत्तरात वाद न घालता हेच लिहिले असते. घटनांऐवजी माणसे धरावीत. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला १७६१ मध्ये पानिपतावर अब्दालीच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध उभा होता. तोच तीन वर्षांनी, १७६४ मध्ये, बक्सारला बंगालचा माजी नवाब मीर कासीम आणि मुघल बादशहा शाहआलम यांच्यासह इंग्रजांकडून हरला. म्हणून पानिपत आधी, बक्सार नंतर.

तहांसाठी बाप आणि लेक लक्षात ठेवावेत. पेशवेपदासाठी राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. त्यातून पेटलेले युद्ध १७८२ मध्ये महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईच्या तहाने मिटले, इंग्रजांनी सवाई माधवरावांना पेशवा मानले आणि राघोबांना निवृत्तिवेतनावर बसवले. राघोबांचे चिरंजीव दुसरे बाजीराव. यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्यांच्या फौजेचा पराभव केल्यावर तेही इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि १८०२ च्या अखेरीस वसईला तैनाती फौज, म्हणजे स्वतःच्या खर्चाने ठेवायचे इंग्रजांचे सैन्य, स्वीकारून बसले. बापाचा तह आधी, लेकाचा वीस वर्षांनी.

नकाशावाचन :
त्याच ओळीत जगाच्या रकान्यात १७८१ लिहावे. त्या वर्षी यॉर्कटाउनला अमेरिकन सैन्यासमोर शरण आलेला कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर-जनरल होऊन आला आणि १७९३ मध्ये त्याने बंगालमध्ये कायमधारा पद्धत, म्हणजे जमीनदारांनी भरायचा कायमचा ठरवलेला शेतसारा, लागू केली. गुरुजी, एवढे जग तरी आपण चालवून घ्याल.

गोदाकाठचे गुरुजी :
हे चालेल. मीही माझ्या तक्त्यात लिहून घेतले आहे.

वहीतलं पान :
बाप आणि लेक एकाखाली एक लिहिले, शुजाउद्दौलाच्या दोन्ही लढायांना लाल शाईने जोडले आणि तीच प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवली. या वेळी क्रम बरोबर आला. उद्यापासून सातवाहन ते यादव हा भाग घेते. त्यासाठी नाणेघाट आणि नाशिकच्या लेण्यांतील लेखांपासून सुरुवात करावी की राजवंशांच्या क्रमापासून, हे गुरुजींनी सांगावे.