मदत हवी आहे: आधी शुगर की आधी हिरड्या?

आई 58 वर्षांची, सेलूला (जि. परभणी) असते. जुनी शुगर, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) 9.4. हिरड्यांतून रक्त अन् पू येतो, खालचे दोन दात हलतात. मिशरी सोडवली, मिठाच्या गुळण्या चालू आहेत, अँटिबायोटिकचा कोर्सही झाला. सूज परत आली. दातांचे डॉक्टर म्हणतात, आधी शुगर उतरवा. शुगरचे म्हणतात, हिरड्यांत जंतुसंसर्ग असला की शुगर आटोक्यात येत नाही. दोघांचंही खरं आहे, पण यात आईचं जेवण तुटलंय, दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा नको म्हणते. त्याचीच जास्त काळजी वाटते. रक्त पातळ करायची गोळी चालू, इन्सुलिन नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात रेल्वेने नेईन, मुक्काम मात्र जमणार नाही. एवढ्या शुगरवर तिथे दात न काढता हिरड्यांची खोल सफाई करतात का? किती खेपा लागतात?