मेथोहेक्सिटालची भूल दहा मिनिटांत उतरते, तर दिवसभर सोबत कशासाठी?

प्रश्न:
माझ्या आईला तीव्र नैराश्यासाठी ईसीटी (भूल देऊन मेंदूला क्षणभर वीज देत अपस्मारासारखा झटका आणण्याचा उपचार) सुरू होत असून प्रत्येक वेळी मेथोहेक्सिटाल देऊन तिला काही मिनिटांची भूल देणार आहेत. भूलतज्ज्ञांच्या म्हणण्यानुसार औषध शिरेत गेल्यावर अर्ध्या-एक मिनिटात झोप लागते आणि पाच-दहा मिनिटांत जाग येते. मात्र हाती दिलेल्या सूचनापत्रात २४ तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये आणि घरी कोणीतरी सोबत असावे, असे छापले आहे. ही निव्वळ औपचारिकता आहे का? शिवाय हे औषध बार्बिच्युरेट गटातले आहे आणि त्या गटातल्या झोपेच्या गोळ्यांविषयी पूर्वी जे ऐकले, त्यामुळे धास्ती वाटते.

प्रतिसाद १ (भूलतज्ज्ञ):
भूल उतरली म्हणजे औषध शरीराबाहेर गेले, असे नव्हे. मेंदूला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे औषध प्रथम तिथे पोहोचते, आणि मग तेच रक्त ते स्नायूंकडे व पुढे चरबीकडे वाहून नेते. मेंदूतले प्रमाण घटले की रुग्ण डोळे उघडतो. त्या वेळी बहुतेक औषध अंगातच असते आणि यकृत त्याचा निचरा सावकाश करते. मेथोहेक्सिटालचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण चार तास लागतात, तर याच गटातल्या, १९३४ पासून वापरात असलेल्या थायोपेंटालला अकरा-बारा तास. त्यामुळे सूचनापत्रातली प्रत्येक ओळ पाळावी.

ईसीटीसाठी हेच औषध निवडण्याचे कारणही रंजक आहे. बहुतेक बार्बिच्युरेट झटके दाबतात आणि या उपचारात तर झटका यावाच लागतो. मेथोहेक्सिटाल तो फारसा दाबत नाही. अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये मात्र याच गुणामुळे नको असताना झटका येऊ शकतो.

धास्तीबद्दल सांगायचे तर ती अगदीच निराधार नाही. या औषधाने श्वास मंदावतो, काही क्षण थांबूही शकतो आणि रक्तदाब उतरतो. त्यावर कोणताही उतारा नाही. म्हणूनच प्राणवायू, श्वास देण्याची पिशवी आणि घशातला स्राव ओढण्याचे यंत्र हाताशी घेऊन शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षित माणसानेच ते द्यायचे असते. झोपेच्या गोळ्यांनी पूर्वी जीव गेले ते घरात, कोणाचे लक्ष नसताना.

प्रतिसाद २ (परिचारिका, भुलीनंतरचा कक्ष):
औषध जाताना हात दुखतो, कधी उचक्या लागतात, कधी हातपाय थोडे उडतात. हे आधी ठाऊक असले की नातेवाईक घाबरत नाहीत. सुई टोचलेल्या जागी किंवा बोटांकडे जाळ उठल्यासारखी आग झाली, तर आईंनी तत्काळ सांगावे, कारण हे द्रावण तीव्र अल्कधर्मी असते आणि चुकून धमनीत गेल्यास बोटांचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

सोबत कशासाठी, याचे उत्तर मी रोज पाहते. मागे एका बाईंनी जाग आल्यावर नाव, वार, तारीख सगळे बिनचूक सांगितले आणि पुढच्या पंधरा मिनिटांत ‘माझा चष्मा कुठे आहे?’ असे चार वेळा विचारले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. (हा गोंधळ काही अंशी ईसीटीचाही असतो, सगळा दोष भुलीला देऊ नये.)

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. एक राहिले: आईच्या सख्ख्या भावाला पोर्फिरिया (रक्तातला हीम हा घटक शरीरात बनण्यातला दोष) आहे. हे सांगणे आवश्यक आहे का?

प्रतिसाद १ (भूलतज्ज्ञ):
अत्यंत आवश्यक आहे, आणि आजच सांगा. तीव्र प्रकारचा पोर्फिरिया आनुवंशिक असतो, आणि बार्बिच्युरेटमुळे यकृतातील ज्या प्रक्रियेला चालना मिळते तिच्यातून पोटात असह्य वेदना, हातापायांतली शक्ती जाणे, क्वचित श्वासाचे स्नायूही लुळे पडणे असा त्रास एकाएकी उद्भवू शकतो. आईंना आजवर काहीच त्रास झाला नसला तरी दोष त्यांच्यात सुप्त असू शकतो आणि अशा वेळी लघवीची तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून भावाच्या आजाराचा नेमका प्रकार आणि त्याचे अहवाल सोबत न्या. त्याचा उलगडा होईपर्यंत मी स्वतः या गटातले औषध हातात घेणार नाही. प्रोपोफॉल हे वेगळ्या गटातले भुलीचे औषध अशा रुग्णांना चालते. त्याने ईसीटीचा झटका थोडा आखूड होतो, पण मात्रा बेताची ठेवून उपचार करता येतो.