एमसीएले नागपूरला नंबर लागला, पण दिवाळीपर्यंत पैसा कुठून आणू?

घाटंजीची_लेक:
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, घाटंजी तालुका. बीएस्सी झालं, सीईटी दिली अन् कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, नागपूरच्या एका प्रायव्हेट कॉलेजात एमसीएले (कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी) नंबर लागला, दोन वर्षांचा कोर्स आहे. घरी चार एकर कोरडवाहू वावर, कपाशी आणि तूर. आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला दीड लाखाच्या आतला. बाबा म्हणतात तू शिक, पैशाचं मी पाहतो. पण मले दिसते ना, जूनमध्ये सगळं बियाण्यात-खतात गेलं, आता निंदण चालू आहे तर रोजची मजुरी द्या लागते, अन् पयला वेचा निघून कापूस विकेपर्यंत दिवाळी येऊन जाते. कॉलेज ऑगस्टमध्ये बोलावते. काल रात्री बाबा आईले हळू आवाजात सांगत होते की एक एकर गहाण टाकू. मी झोपल्यासारखी पडून ऐकत होती. तेव्हापासून कशातच मन लागत नाही. कोणी यातून गेलं असेल तर सांगा, मले वावर गहाण टाकून शिकायचं नाही.

वर्ध्याची_ताई:
अगं पयले बाबाले सांग की वावराले हात लावू नका, बाकीचं पाहू. तू कॅपमधून गेली हे फार चांगलं झालं. 8 जुलै 2024 चा जीआर आहे, ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसीच्या (मराठा आरक्षणाच्या) मुलींचं घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी 100 टक्के माफ, 2024-25 पासून लागू. मॅनेजमेंट कोट्याले हे नाही मिळत. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, फॉर्म भरायचा आणि भरून झाला म्हणून बसायचं नाही, तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो आणि तिथंच पडून राहते, म्हणून दर आठवड्याले स्टेटस पाय. कॉलेजले विचार की फीमधली ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती, डिपॉझिट किती, हे कागदावर लिहून घे, कारण ट्यूशन-परीक्षा सोडून बाकीचं तुलेच भरा लागेल.

आता खरी गोष्ट. मी एमएस्सीले नागपूरला गेली तेव्हा 200 पानी वहीचं एक पान आडवं धरून बारा महिने लिहिले, वरच्या ओळीत येणारा पैसा, खालच्या ओळीत जाणारा. वर्षाची बेरीज जुळत होती बघ, म्हणून आम्ही सगळे निवांत होतो. पण महिन्या-महिन्याचं लिहिलं तर ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, चारही खाने वरून कोरे! तिघी मिळून खोली, माझा वाटा 2,200, मेस 2,800, बाकी 700, म्हणजे महिन्याले 5,700, चार महिन्यांचे 22,800 आणि खोलीचं डिपॉझिट 4,400. झाले 27,200. एवढ्यासाठी आमच्या घरीही वावराची गोष्ट निघाली होती! मामानं 10,000 दिले, आईनं बचत गटातून 15,000 उचलले, बाकीचे मी घरमालकिणीच्या पोरांची शिकवणी घेऊन काढले. कापूस विकल्यावर गटाचे हप्ते सुरू केले. आई एसटीनं ज्वारीचं पीठ, तिखट अन् जवसाची चटणी पाठवायची त्यावर संध्याकाळचं जेवण निघायचं. आता तर एसटीत बायकांले अर्धं तिकीट आहे, महिन्यातून एकदा घरी जाऊन सामान आणणं परवडते.

आणि एक, सरकारी वसतिगृहाचा फॉर्म आधी भर. नंबर नाही लागला तर ओबीसीसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाले 60,000, उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे, तुह्यं बसते. इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात चौकशी कर, जागा मोजक्या असतात, उशीर करू नको. पण तो पैसा ऑगस्टमध्ये हातात येईल असं वहीत लिहू नको.

दारव्ह्याचा_पोट्टा:
ताई बरोबर बोलून राहिली. मी गेट परीक्षेच्या मार्कांवर एमटेक केलं, महिन्याले 12,400 स्टायपेंड, ऐकायले लय भारी वाटते पण पयले पैसे आले तेव्हा अर्धं सेमिस्टर संपलं होतं, तोपर्यंत रूममेटनं मले जेवू घातलं, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तुमचं बाबाचं पीककर्ज असेल तर त्यातूनच थोडे उचलून घ्या ना, सोपं पडते.

निवृत्त_बँकवाला_पुसद:
भाऊ, पीककर्जाले हात लावायले सांगू नका. वेळेवर भरलं तर 3 लाखांपर्यंत ते बिनव्याजी पडते, एकदा थकलं की व्याजही लागते आणि पुढच्या हंगामाले नवीन मिळत नाही. मी 31 वर्षं बँकेत हेच पाहिलं, पोराच्या फीले पीककर्ज जाते आणि खतासाठी सावकाराचं दार.

बेटा, कमी पडलंच तर शैक्षणिक कर्ज घे. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही टाका लागत नाही. कोर्स संपून एक वर्ष झाल्यावर हप्ता सुरू होते. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं तर तेवढ्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरते, मात्र कॉलेज नॅक किंवा कोर्स एनबीए मान्यतेचा पाहिजे (या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था), ते आधी पाहून घे. अलॉटमेंट लेटर हातात आल्याबरोबर विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाक, बँकेत चार चकरा होतातच. आणि मंजूर जास्त झालं म्हणून जास्त उचलू नको. मॅनेजर सातबारा मागेल तर शांतपणे विचार की साडेसात लाखांच्या आत तारण कशाले.

घाटंजीची_लेक:
ताई, काका, दादा, खूप आधार वाटला. ताईसारखंच पान आखलं, आईजवळ बसून. माझा खड्डा 31,000 चा निघाला. आई म्हणते गटातून 20,000 निघतील. बाबा बराच वेळ ते पान पाहत होते, मग म्हणाले एवढंच होय, मी तर लाखाचा इचार करत होतो. आज बँकेत गेली तर समजलं की आधार जुन्या जनधन खात्याले जोडलेलं आहे जे तीन वर्षांपासून बंद पडलं, स्कॉलरशिप तिकडेच गेली असती! बदलायचा फॉर्म देऊन आली. उद्या सेतूवर जाते, उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा काढू का तीन वर्षांचा?

वर्ध्याची_ताई:
तीन वर्षांचा काढ, ओबीसीच्या सवलतीसाठी जो नॉन-क्रिमीलेयर दाखला लागते, त्याले तोच लागते. सकाळी लवकर जा, अॅडमिशनच्या दिवसात दुपारी सर्व्हर बसते. अन् झेरॉक्सचे पाच-पाच सेट करून ठेव.